वेलांटीची कमान शेवटी

मावशीचं पोळी-भाजीचं काम दोन वर्षं घरातल्या घरातच चाललं होतं, आता तिने कराडला घराशेजारचाच एक छोटा गाळा भाड्याने घेतला आणि मग अर्थातच बोर्ड करायचं ठरलं. नाव श्रद्धा पोळी-भाजी केंद्र, खाली जरा बारीक अक्षरात घरगुती डबे मिळतील. मी म्हटलं मी करून पाठवते, तर म्हणाली तू कुठे तुझ्या कामातून वेळ काढतेस, इथे एक फ्लेक्सवाला आहे तो तासाभरात देतो. दिला पण त्याने तासाभरात. व्हॉट्सॲपवर फोटो आला, मोठ्या लाल अक्षरात श्रध्दा.

बऱ्याच जणांना यात काय चुकलंय ते कळणारही नाही इतकी ही चूक आता सगळीकडे झालीये. श्रध्दा लिहिलं की अर्धा ध आधी येतो आणि पूर्ण द नंतर, म्हणजे वाचायचं झालं तर श्रध्-दा. पद्धतचं पध्दत होतं, सिद्धचं सिध्द होतं, लग्नपत्रिकांवर होतं, सरकारी फलकांवर पण बघितलंय मी. मावशीला फोन केला तर ती वैतागलेली, म्हणाली अगं मी त्याला नीट सांगितलं होतं की, श्र, मग द ला ध, आणि त्या ध ला काना.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी नऊ वर्षं अक्षरांचंच काम करतेय, फॉन्ट बनवते, त्याच्या आधी चार वर्षं डिझाईन शिकले, आणि मावशीने फोनवर सहज जे सांगितलं ते मला इतक्या नीट कधी सांगता आलं असतं असं वाटत नाही. कारण तिने त्याला अक्षरांची यादी दिली नव्हती, अक्षर कसं करायचं ते सांगितलं होतं. इंग्रजीत स्पेलिंग सांगतात तेव्हा एकामागे एक अक्षरांची नावं घेतात. आपण काय म्हणतो बघा, क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, क ला पहिला उकार कु, क ला एक मात्रा के, काना मात्रा को, डोक्यावर टिंब. प्रत्येक वेळी आधी एक अक्षर घ्यायचं आणि मग त्याला काहीतरी करायचं, बाजूला दांडी उभी करायची, डोक्यावर तिरकी रेघ मारायची, पायाशी काहीतरी लावायचं. अर्धं अक्षर दाखवायचं तर त्याचा पाय मोडायचा. आपल्याकडे पदार्थाची कृती सांगतात ना, साहित्य आणि कृती, तसंच आहे हे, शब्दाची कृती. आणि हे आपण पहिलीतल्या पोरांना शिकवतो आणि मग ते पहिलीतलंच म्हणून सोडून देतो.

मी पण सोडून दिलं होतं. कॉलेजला गेले तेव्हा सगळं इंग्रजीत होतं आणि मी मराठी शाळेतली. बेसलाइन, एक्स-हाइट, असेंडर, डिसेंडर, काउंटर, स्टेम, कर्निंग, अक्षराच्या भागांचे आणि मापांचे हे शब्द मी पाठ केले, आणि खरं सांगते हे शब्द फार चांगले आहेत, रोमन अक्षर त्यांनी अगदी नीट उलगडतं, कारण तेही कुणाच्या तरी हातातून, छपाईच्या शिशाच्या खिळ्यांच्या कामातून आलेले आहेत. अडचण शब्दांची नव्हती, मी ते जिथे वापरत होते तिथली होती. तिसऱ्या वर्षी मी पहिला देवनागरी फॉन्ट करायला घेतला आणि सॉफ्टवेअर उघडलं की पहिल्यांदा काय दिसतं, तर खाली एक बेसलाइन. मग मी अक्षरं त्या रेषेवर उभी करत गेले. क उभा केला, ग उभा केला, म उभा केला. ट आल्यावर अडले, कारण ट ला उभं राहायला पायच नाही, तो गोल पोटाचा. ड तसाच, ह तर खाली शेपूट सोडून बसलेला. मी ते सगळे ओढूनताणून बेसलाइनला टेकवले, महिनाभर घासत होते, आणि प्रिंट काढून भिंतीवर लावलं तेव्हा प्रत्येक अक्षर वेगवेगळं ठीक होतं पण शब्द म्हणून वाचताना सगळे जण चवड्यांवर उभे असल्यासारखे दिसत होते.

तेव्हा एका सरांनी काही न बोलता मला बोरू दिला. म्हणजे बोरू पण नाही, नुसती बोरूची कांडी आणि कटर, म्हणाले तासून आण. दोन दिवस गेले त्याच्यात. टोक चिरायचं, मग त्याला तिरका काप द्यायचा, आणि तो काप कुठल्या बाजूला तिरका यावर सगळा खेळ असतो. रोमन कॅलिग्राफीची चपटी निब मी आधी वापरलेली होती, तिने देवनागरी लिहिलं की कुठेतरी परकं दिसायचं आणि का ते कळायचं नाही. बोरूचा काप देवनागरीसाठी उलट्या बाजूला तिरका द्यायचा असतो, त्यामुळे जाड कुठे येणार आणि बारीक कुठे येणार हेच उलटं होतं, रोमनमध्ये डावीकडून वरून उजवीकडे खाली येणारी तिरकी रेघ जाड होते, आपल्यात उजवीकडून वरून डावीकडे खाली उतरणारी. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पेपरात लिहून मार्क पण घेतले होते. पण शाईत बुडवून शंभरेक क काढले तेव्हा ते मनगटाला कळलं, आणि त्यानंतर एखाद्या फॉन्टमध्ये जाड-बारीक उलटं पडलेलं असलं की माझ्या डोळ्याआधी मनगटच म्हणतं की हे असं येणार नाही.

आणि दुसरं म्हणजे रेघ. बोरूने लिहायला बसलं की वहीच्या रेषेवर अक्षर उभं करायचं सुचतच नाही, हात आपोआप वरच्या रेघेला अक्षर टांगतो. मोडी लिपीत तर ही गोष्ट अजून साफ आहे. मोडी लिहिणारे आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचे आणि मग हात न उचलता त्या रेघेखाली अक्षरं सोडत जायचे. दोरीवर कपडे वाळत घालतात तसं. साडी खालपर्यंत येते, रुमाल वरच राहतो, आणि कुणी म्हणत नाही की रुमाल पण खालपर्यंत आला पाहिजे. ट ला पाय नाही कारण त्याला त्याची गरजच नाही, तो वरून लटकलेला आहे, देठाला धरून. मी महिनाभर चुकीच्या बाजूने मोजत होते.

हे झाल्यावर मला बाराखडीतले शब्द परत ऐकू यायला लागले. शाळेत बाई शिकवायच्या, दांडी शेवटी असलेली अक्षरं कुठली, मधे असलेली कुठली, दांडी नसलेली कुठली. ग, घ, च, त, न, प, म यांना शेवटी. क आणि फ ला मधे. ट, ठ, ड, ढ, द, ह यांना नाही. हे नुसतं पाठांतर वाटायचं. पण जोडाक्षराचा सगळा कारभार याच्यावरच चालतो. ज्याला शेवटी दांडी आहे त्याची दांडी काढली की ते अर्धं होतं आणि पुढच्याला चिकटतं, त्य, न्य, म्ह. ज्याला दांडीच नाही त्याचं काय काढणार, मग एक तर त्याचा पाय मोडा, नाहीतर दुसरं अक्षर त्याच्या पायाशी बसवा. म्हणून ट्ट, म्हणून द्द, म्हणून द्ध. मावशी द ला ध म्हणते ते हेच. ज्याने एकदा तरी हाताने आधी द काढलाय आणि मग त्याच्या पायाशी ध बसवलाय त्याच्याकडून श्रध्दा होणं अवघड आहे, कारण त्याच्या हाताने तो क्रम चालून बघितलाय. नुसता तयार आकार बघून की दाबणाऱ्याला तो क्रम कुठून कळणार, त्यात त्या फ्लेक्सवाल्या पोराला मी दोष देत नाही, त्याला कुणी करून दाखवलेलं नसणार.

माझ्या फॉन्टच्या कामात हेच रोज समोर येतं. एक धड देवनागरी फॉन्ट करायचा तर काही शे ग्लिफ, म्हणजे फॉन्टमधले एकेक आकार, काढावे लागतात आणि त्यातली मूळ मुळाक्षरं पन्नासच्या आसपास, बाकी सगळी जोडाजोडी. शिशाचे खिळे होते तेव्हा हे दुखणं अजून मोठं होतं, इंग्रजी जुळाऱ्याचं काम थोड्या खिळ्यांत भागायचं आणि मराठी जुळाऱ्याच्या भोवती केसच्या केस, म्हणजे खिळ्यांच्या पेट्या, मांडलेल्या असायच्या. टिळकांनी पण केसरीच्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून खटपट केली होती. आणि त्याच्याही आधी, जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, त्यांच्याकडे राणोजी रावजी आरू अक्षरांचे पंच, म्हणजे खिळ्याचा साचा ज्यावरून करतात ते ठसे, कापायचे. पोलादाच्या टोकावर, उलटं अक्षर, बोटाच्या नखाएवढं. निर्णयसागरची जुनी संस्कृत-मराठी पुस्तकं रद्दीत किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली तर घेऊन बघा, जोडाक्षरं इतकी गुण्यागोविंदाने बसलेली असतात की मी अजूनही अडले की ती पानं उघडून बघते. त्या माणसाला ग्लिफ हा शब्द माहीत नव्हता, पण द च्या पायाशी ध ला किती जागा लागते हे त्याला कानशीच्या घासण्यावरून माहीत होतं.

आता शब्दांचं सांगते, कारण नुसता हात पुरतो असं पण मला म्हणायचं नाहीये.

कॉलेजमध्ये क्रिटिक असायचं, सगळ्यांनी आपापलं काम भिंतीला लावायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं. मी पहिलं दीड वर्षं जवळजवळ गप्प बसले. इंग्रजी कच्चं होतं हे एक, पण खरी गोष्ट अशी की मला जे दिसायचं ते माझ्याकडे असलेल्या इंग्रजी शब्दांत मावायचं नाही. बॅलन्स नाही, हायरार्की नाही, व्हाइट स्पेस कमी आहे, एवढंच म्हणता यायचं. आणि घरी आलं की आई एखादी पत्रिका बघून म्हणायची, फारच गिचमिड झालंय गं. किंवा, रंग छान आहे पण उठाव नाही. किंवा, अंगावर येतंय. मला वाटायचं ही बायकांची साडी घेतानाची भाषा. नंतर कळलं की ही किती नेमकी भाषा आहे. गिचमिड म्हणजे नुसती जागा कमी नाही, गोष्टी एकमेकींत गुंतल्यात आणि डोळ्याला वाट नाही. तेवढ्याच जागेत तेवढ्याच गोष्टी असून काम आटोपशीर असू शकतं. भडक वेगळं, बटबटीत वेगळं, भडक हे रंगाचं आणि बटबटीत हे सगळ्याचंच, आकाराचं पण. ठसठशीत म्हणजे मोठं पण नीट, ठसा उमटल्यासारखं. सुबक, रेखीव, नीटस यांच्यात फरक आहे. रेखीव रेषेवरून येतं, तिथे कड महत्त्वाची. सुबक मडकं असतं, रेखीव मडकं कुणी म्हणत नाही. आणि मडक्याच्या, तांब्याच्या आकाराला आपल्याकडे वेगळा शब्दच आहे, घाट. या तांब्याचा घाट चांगला आहे असं आजी म्हणायची तेव्हा त्यात नुसता आकार नसायचा, हातात कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, ते पण असायचं.

बेतणे घ्या. शिंपी कापड बेततो, म्हणजे कात्री लावायच्या आधी आहे त्या कापडात अंगाला पुरेल असं काढायचं. आणि तोच बेत आपण जेवणाचा पण करतो, सहलीचा पण करतो. डिझाईन या शब्दाला मराठीत काय म्हणायचं यावर लोक बरंच बोलतात, सरकारी भाषेत अभिकल्प म्हणतात, मला तो शब्द कधी चिकटला नाही आणि त्याचं कारण मला वाटतं असं आहे की त्या शब्दाने कुणी कधी काही केलेलंच नाही, तो कागदावर तयार झाला आणि कागदावरच राहिला. बेतणे, आखणे, घडवणे, मांडणे, बांधणे, जुळवणे, हे सगळे कुणीतरी रोज हाताने करत असलेल्या कामाचे शब्द आहेत, आणि प्रत्येकात डिझाईनचा एक एक तुकडा आहे. डिझाईन शब्द पण मराठीत चांगला रुळलाय खरं तर, रांगोळीचं डिझाईन, मेंदीचं डिझाईन, ब्लाउजच्या गळ्याचं डिझाईन, आणि तो रुळला त्याचं कारण पण हेच की त्या बायका ते हाताने करत होत्या.

वळण या शब्दावर तर मी किती दिवस विचार करत होते. अक्षराला वळण असतं, रस्त्याला वळण असतं, आणि पोराला वळण लावतात. तिन्हीकडे एकच. म्हणजे आपल्या भाषेने अक्षर सुंदर आहे असं म्हणायला जो शब्द निवडला तो आकाराचा नाही, सवयीचा आहे, हात कसा वळतो त्याचा. आणि कित्ता गिरवणे. गिरवणे म्हणजे त्याच रेषेवरून परत परत जाणं. त्याचं बरोबर भाषांतर करायला मला एकदा एका परदेशी सहकाऱ्यासाठी पाच मिनिटं लागली आणि शेवटी मी त्याला पाटीवर करून दाखवलं. खूप गिरवल्यावर काय होतं, तर हात बसतो. आता हात बसला, असं आई भाकरी थापताना म्हणायची, गवंडी पण म्हणतो, तबला वाजवणारा पण म्हणतो.

र. कृ. जोशींचं नाव इथे घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाईनच्या विभागात, शिकवायचे, कॅलिग्राफर होते आणि मराठीत कविता पण लिहायचे, अशा कविता ज्यात अक्षरं कागदावर कशी मांडलीत हाच अर्थाचा भाग असतो. २००८ ला ते गेले. विंडोजवर मराठी टाइप केलेल्या असंख्य माणसांनी त्यांची अक्षरं वापरलीत, कारण मंगल हा फॉन्ट त्यांचा. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते की संगणकावर आपण इतकी वापरलेली अक्षरं अशा माणसाकडून आली ज्याचा हातही लेखणीवर बसलेला होता आणि जो त्या भाषेत कविता करत होता. दोन्ही. नाटकांच्या जाहिरातींमधली कमल शेडगे यांची अक्षरं पण तशीच, नाटकाचं नाव वाचायच्या आधी नाटक विनोदी आहे की गंभीर ते कळायचं. ज्याला त्या शब्दाचा मराठीतला सूर ऐकू येतो त्यालाच ते जमेल, परक्या लिपीत नुसता हात चांगला असून जमणार नाही.

आणि सुदैवाने हे चालू आहे. मुंबईत 'एक टाइप' नावाची फॉन्ट बनवणारी मंडळी आहेत, त्यांचा मोदक नावाचा फॉन्ट बघा, अक्षरं इतकी गुबगुबीत की आतल्या फटी नुसत्या केसाएवढ्या, आणि तरी वाचता येतं. नावच असं ठेवलंय की ज्याने उकडीच्या पारीला कळ्या पाडल्यात त्याला हात लावल्यासारखं कळतं.

तर बोर्ड. मी दोन दिवस सुट्टी टाकून कराडला गेले. आमच्या लहानपणी चौकातले बरेचसे बोर्ड एकच पेंटरकाका करायचे, आता वय सत्तरच्या पुढे, फ्लेक्स आल्यापासून काम जवळजवळ बंदच. मी विचारलं तर म्हणाले, पत्रा आन, मी सांगतो, तू वढ. मला आधी वाटलं होतं की ते करतील आणि मी बघेन.

पत्र्याला प्रायमर, मग पिवळा रंग, तो वाळेपर्यंत एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळीला खडूची पूड लावून दोन टोकांना ताणून धरली आणि मधून उचलून सोडली, टच्चकन रेघ उमटली. पहिली रेघ कुठली, तर शिरोरेषेची. मी लगेच खालची मारायला गेले तर म्हणाले, खालची कशाला. मग हाताने मापं, अक्षर एक वीत, वर मात्रेला आणि वेलांटीला चार बोटं, खाली उकाराला आणि जोडाक्षराला चार बोटं. द्ध येणार होता म्हणून खाली बोटभर जास्त सोडायला लावलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच तीन मजले आकड्यांत भरायचे असतात आणि मी दर वेळी ते भरताना अडखळायचे, वीत आणि चार बोटं एकदा पत्र्यावर ठेवल्यापासून ते आकडे मला दिसतात.

भाजीचा भ काढला आणि मी रेघ सरळ ओढत होते तर काकांनी मनगटच धरलं. रेघ तोड, म्हणाले, नायतर रस्त्यापलीकडनं त्ये माजी दिसतंय. भ ची आणि ध ची वरची रेघ तुटते हे मला माहीत होतं, पण का, याचं एवढं साधं कारण मला कुणी सांगितलं नव्हतं, की लांबून भ चा म होतो आणि ध चा घ होतो. ते कारण रस्त्याच्या पलीकडे उभं राहून कळतं, स्क्रीनपासून दीड फुटावर बसून नाही. त्यांनी मला खरंच पलीकडे पाठवलं बघायला. दुपारचं ऊन, मी बस थांब्यापाशी उभी राहून पिवळ्या पत्र्यावरचा एक भ बघतेय.

ल ला ते पाकळीचा ल म्हणत होते. हे ऐकून मला एकदम शासनाचा तो निर्णय आठवला, ६ नोव्हेंबर २००९ चा, मराठी वर्णमाला आणि लिपी कशी असावी याचा, त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असेच शब्द आहेत. मला ते शब्द फार आवडतात. हिंदीत ल आणि श वेगळ्या वळणाने काढतात, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांच्या यादीत, मात्र दोघांचा कोड एकच, त्यामुळे फॉन्ट करणाऱ्याने आत दोन्ही वळणं ठेवायची आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं की मराठी वळण आणायचं अशी सोय करावी लागते. ती सोय नसली किंवा वेबसाइटने भाषा सांगितलीच नाही तर मराठी वाचताना हिंदी ल दिसतो. आम्ही नवीन मुलांना हे समजावताना पूर्वी दोन आकार शेजारी ठेवून दाखवायचो आणि तरी ते विसरायचे. आता मी नुसतं म्हणते पाकळ्या आहेत का बघ, श ला देठ आहे का बघ. लगेच दिसतं त्यांना.

आणि मग मिळतील चा मि. मी म काढला आणि डावीकडे वेलांटी चिकटवायला गेले, टाइप करताना म आधी आणि वेलांटी नंतर अशीच सवय झालेली. जागाच उरली नव्हती. काकांनी ओल्या फडक्याने पुसलं. मग सांगितलं, आधी वेलांटीची दांडी उभी कर. मग म. मग परत वर ये आणि शेवटी कमान वढ, दांडीपासनं म च्या कान्यापर्यंत, तवर म केवडा हाय ते कळलेलं आसतंय. मी ब्रश हातात धरून उभीच राहिले. आमच्याकडे प्रत्येक फॉन्टमध्ये पहिल्या वेलांटीच्या कमानी वेगवेगळ्या रुंदीच्या पाच-सात तरी काढून ठेवाव्या लागतात, अरुंद र ला वेगळी, म ला वेगळी, रुंद जोडाक्षराला वेगळी, कारण कमान बरोबर त्या अक्षराच्या दांडीवर टेकायला पाहिजे. कुठली कमान कुठल्या अक्षराला हे ठरवायचा कोड आम्ही लिहितो, मी स्वतः लिहिलाय, आणि तो मला कायम एक तांत्रिक उपद्व्याप वाटायचा. आणि हाताने करणाऱ्याला तो प्रश्नच नाही, तो कमान शेवटी ओढतो. म्हणजे तो कोड म्हणजे काय आहे, तर शेवटी ओढायची गोष्ट आधी काढून ठेवावी लागते म्हणून केलेली भरपाई. हे इतकं सरळ मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही ते सुचलं नव्हतं.

माझी भाची कॅलिफोर्नियात असते, रविवारी मराठी शाळेत जाते, फोनवर रोमनमध्ये टाइप करून मराठी लिहिते आणि छान लिहिते. पण ती मला परवा विचारत होती की पहिली आणि दुसरी वेलांटी म्हणजे काय, पहिली कशाच्या आधी. तिच्या बोटांसाठी ते आय आणि दोनदा आय आहे. तिला मी व्हिडिओ कॉलवर मि काढून दाखवला, काकांच्या पद्धतीने, दांडी, म, कमान. तिने कागदावर दहा-बारा वेळा काढला आणि मग म्हणाली, मावशी ही तर छत्री आहे. आता आमच्यात पहिल्या वेलांटीला छत्री म्हणतात.

बोर्ड लागला गुरुवारी. मावशीच्या हाताखालच्या बायकांनी श्रद्धा मोठ्याने वाचून बघितलं. द्ध खालपर्यंत ऐसपैस बसलाय, सोडलेली जास्तीची बोटभर जागा पूर्ण लागली. मि ची कमान मात्र म च्या दांडीच्या सुतभर अलीकडे टेकली, मी पुसून परत करणार होते तर काकांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले राहू दे, रंग ओला आसताना परत गेलीस तर जाड हुईल.

आता कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने पण विचारलंय. दिवाळीनंतर करायचाय. किराणाचा कि आहे त्यात, आणि क ची दांडी मधे असते, म्हणजे कमान अक्षराच्या टोकापर्यंत न्यायची नाही, पोटावरून उचलून मधल्या दांडीवर आणून टेकवायची. हे मी स्क्रीनवर शेकडो वेळा केलंय, ब्रशने अजून एकदाही नाही.